चार पावलांनंतर चेंडू सोडायचा

आमच्या रस्त्याला आता फूटपाथ आहे. पाच फूट रुंद, काँक्रीटचा, हायवेलगतच्या अपार्टमेंटपासून लायब्ररीपर्यंत आणि तिथून पुढे इंडियन ग्रोसरीपर्यंत. न्यू जर्सीत असे फूटपाथ पैशाला पासरी, त्यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. मी मात्र घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी तो दाखवून आणते आणि मग चहा टाकते. नवरा म्हणतो, ताजमहाल बांधल्यासारखी मिरवतेस. मिरवणारच. त्यानं त्याच्या नव्या गाडीचे फोटो किती जणांना पाठवले होते, ते मी मोजलेलं नाही, पण मोजता आलं असतं.

बाबा गेल्यावर मी आईला कायमची इकडे आणली. मी तोवर इथली नागरिक झाले होते, त्यामुळे तिचं ग्रीन कार्ड फार अडलं नाही. कराडला ती रोज सकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जायची. ऊन असो, थंडी असो, घरात लग्न असो, आधी चालणं आणि मग सगळं. इथे आल्यावर आठवडाभरातच तिनं स्वतःचा रस्ता शोधून काढला. साडीवर पांढरे स्नीकर घालून रोज संध्याकाळी लायब्ररीपर्यंत जायचं आणि परत यायचं. अपार्टमेंटमध्ये मुलांकडे राहायला आलेले बाकीचे आईवडीलही हळूहळू तिच्याबरोबर निघू लागले. फूटपाथ नव्हताच, तेव्हा ही सगळी मंडळी रस्त्याकडेच्या गवतातून एकामागे एक चालायची आणि गाड्या हातभर अंतरावरून सुसाट जायच्या. मी आईला शंभरदा बजावलं होतं. ती म्हणायची, "अगं, त्यांना ब्रेक असतात की."

एका सप्टेंबरात वळणावर एक ट्रक जरा जास्तच जवळून गेला. आई दचकून बाजूला सरली ती पाण्याच्या चरात पडली आणि तिचं मनगट मोडलं.

तिला घरी घेऊन आला तो सहा फुटांच्या वरचा, सत्तरी ओलांडलेला एक गोरा म्हातारा. नाक मधेच वाकलेलं, हाताची बोटं चार दिशांना गेलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. मी दार उघडलं, आईचा हात पाहिला आणि त्याच्यावर तोंड सोडलं. गाडी बघून चालवता येत नाही का, इथपासून सुरुवात केली. माझा श्वास संपल्यावर तो म्हणाला की त्याच्याकडे गाडी नाही, तो त्याच रस्त्यानं चालत होता आणि बाईंना आधी बर्फ लावला तर बरं होईल. मागून आई मराठीत ओरडत होती की या माणसानंच मला वर काढलं, जरा लाज बाळग. माझा स्वभाव असा आहे. नाकावर राग आणि मागून पश्चात्ताप.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण आई काही बाहेर पडली नाही. समोरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची लावून बसायला लागली. विचारलं की म्हणायची, मला इथून सगळं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, हात बरा आहे, चाला. ती हो म्हणायची आणि खुर्चीत बसायची. इतकी वर्षं चाललेली बाई एका खिडकीत मावते, हे मला बघवत नव्हतं. तिला मीच इथे आणलं होतं. मला फूटपाथ हवा होता तो एवढ्याचसाठी, की माझ्या आईनं पुन्हा दाराबाहेर पाय टाकावा.

मी गावाच्या कौन्सिलच्या सभेला गेले. तिथे कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. मी चांगलं लिहून नेलं होतं. आमच्या वॉर्डाचा कौन्सिलमन बरीच वर्षं त्या खुर्चीत होता, बोलायला गोड होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आईची चौकशी केली आणि म्हणाला, "पण मॅडम, त्या रस्त्यानं कुणी चालतच नाही." मी उसळले. पुढचं बोलायच्या आत माझी तीन मिनिटं संपली आणि माइक बंद झाला.

बाहेरच्या बाकावर तोच म्हातारा बसला होता. तो प्रत्येक सभेला यायचा. लोक मालिका बघतात, तसा तो सभा बघायचा. मी त्याच्यापुढे पुन्हा तावातावानं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तो खोटं बोलत नाही. तो गाडीतून जातो, त्याला तुझी आई दिसतच नाही. तू त्याला समजवत बसू नकोस. तू उभी राहा."

तो आयर्लंडच्या पश्चिमेचा. तिथे वीसेक वर्षं त्यांच्या काउंटीच्या कौन्सिलवर होता. आपली जिल्हा परिषद म्हणा. बायको गेल्यावर लेकीकडे राहायला आला होता. लेक इथल्या हॉस्पिटलात नर्स. आणि कौन्सिलच्या आधी तो त्याच्या काउंटीकडून गेलिक फुटबॉल खेळलेला. हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू हातातही घेता येतो, पण घेऊन चारच पावलं टाकायची. मग तो आपटायचा, नाहीतर पायावरून उडवून परत हातात घ्यायचा, नाहीतर दुसऱ्याला द्यायचा. जाळ्यात मारला तर तीन गुण, जाळ्याच्या वरून दोन खांबांमधून मारला तर एक गुण. हे सगळं त्यानं मला आमच्या स्वयंपाकघरात एका संत्र्यावर समजावलं. दोनदा संत्रं ओट्याखाली गेलं.

त्यांच्याकडे हा खेळ खेळलेली माणसं सर्रास राजकारणात जातात. त्याच्याबरोबरचा एक मंत्री झाला, एक संसदेत गेला, दोघंतिघं त्याच्यासारखे काउंटीत राहिले. ज्यांनी आयुष्यात चेंडूला हात लावला नाही, तेही प्रचारात आपण राखीव खेळाडू होतो म्हणून सांगतात. मी विचारलं, लोक एवढ्यावर मत कसं देतात? तो म्हणाला, या खेळात पगार नाही. मोठ्यात मोठा खेळाडूसुद्धा आठवडाभर शाळा शिकवतो नाहीतर गुरं सांभाळतो आणि रविवारी खेळतो. आणि खेळायचं ते आपल्याच गावाकडून. जास्त पैसे देतो म्हणून दुसरा कुणी विकत घेऊ शकत नाही. त्यामुळे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला तुझा बाप ठाऊक असतो आणि तू चुकलीस की तो तुझ्या बापासकट तुझा उद्धार करतो. ते ऐकून घेऊन जो पुढच्या रविवारी परत येतो, त्याला लोक मत देतात. त्याला स्वतःला लोकांनी निवडून दिलं ते एका मोठ्या सामन्यात त्यानं उंच उडी मारून पकडलेल्या एका चेंडूमुळे. तो सामना ते हरले होते.

मग त्यानं मला विचारलं, मी काय खेळायचे. मी म्हटलं, खो-खो. कॉलेजच्या संघात होते. त्याला काही कळेना, तेव्हा मी कपाटातले मग काढून टेबलावर एका ओळीत मांडले. आठ जण बसलेले, एकाआड एक तोंड फिरवून. नववा पळतो. तो पाठीवर थाप मारून खो म्हणेपर्यंत बसलेल्यानं हलायचं नाही. म्हाताऱ्यानं एका मगावर बोट टेकवलं. म्हणाला, "म्हणजे जे बसलेत, तेही खेळतच असतात." मी म्हटलं, अर्थात.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं लॅपटॉप मिटला. "यार, तू सिरियसली इलेक्शन लढवणार? अगं, तू आपल्या सोसायटीच्या एचओए मीटिंगमध्ये भांडून वॉकआउट करतेस." लेक म्हणाली, "मॉम, प्लीज डोन्ट एम्बॅरस मी." आई खिडकीतून म्हणाली, राहू दे तिला उभी, नाहीतरी घरात ती आपल्यावरच ओरडते.

आता माझी चूक सांगते. इतकी मराठी चूक, की आजही आठवली की मी कपाळाला हात लावते. आमच्या गावात या निवडणुकीला पक्ष नसतात, चिन्हं नसतात, जो तो आपल्या नावावर. प्रचार म्हणजे दारोदार जाणं. कुठल्या दारी जायचं? मी कपाटातून गणपतीची यादी काढली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची आमंत्रणं दरवर्षी मीच करते, तेव्हा पत्ते, फोन, कोण उपासाला काय खातं, सगळं माझ्याकडे तयार. मला वाटलं, अर्धी निवडणूक घरबसल्या झाली.

आणि काय ते स्वागत! दार उघडलं की "या ताई, आत या." मी बूट काढायची, आत जायची. पाणी यायचं, मग पोहे, मग चहा, मग नागपूरहून मुलाकडे आलेल्या काकूंनी केलेला चिवडा. पुण्याच्यांकडे साबुदाण्याची खिचडी, मुंबईच्यांकडे वडे. एखाद्या घरी आजी असल्या तर निघताना ओटी. एका शनिवारी जेमतेम चार घरं व्हायची. सगळे एकमुखानं सांगायचे, आम्ही तुमच्याच पाठीशी. मी यादीवर बरोबरची खूण करायची. तीन आठवड्यांत माझं वजन वाढलं आणि यादी खुणांनी भरली. ती घेऊन मी ऐटीत म्हाताऱ्याकडे गेले.

त्यानं यादी पाहिली, पान उलटलं, चष्मा काढला. विचारलं, "यातल्या किती जणांना मत आहे?"

मला हा प्रश्न पडलाच नव्हता. काउंटीकडून मतदारांची यादी मिळते, हे त्यानंच सांगितलं. ती लॅपटॉपवर उघडून त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही सगळी सकाळ एकेक नाव लावत बसलो. हा व्हिसावर. ही ग्रीन कार्डच्या रांगेत. हे शेजारच्या वॉर्डात. हे तर पेनसिल्व्हेनियाचे, आरतीला येतात. ज्या घरी सगळ्यात मोठी ओटी भरली, तिथे एकालाही मत नव्हतं. शेवटी मत असलेले राहिले ते दोन्ही हातांच्या बोटांवर मावले आणि त्यातलं एक बोट माझा नवरा.

मी संतापानं रडले. मग खालच्या ओळीवर नजर गेली. तिथे मी म्हाताऱ्यालाही बरोबरची खूण केली होती. त्यानं त्यावर वाकडं बोट ठेवलं आणि सांगितलं की त्यालाही मत नाही, तोही ग्रीन कार्डवाला. गोरा आहे म्हणजे इथलाच असणार, असं मी धरून चालले होते. लोक मला कायम विचारतात की तू मूळची कुठली, तेव्हा मी फणकारते. आणि मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. मला खरोखर लाज वाटली. तो मात्र खोकला येईपर्यंत हसला.

त्या दुपारी त्यानं मला पहिला नियम शिकवला. आत जायचं नाही. आमच्याकडेही चहा विचारतात, म्हणाला, आणि विरोधी पक्षाची म्हातारी तर तिसरा कप भरते, म्हणजे तू तिथेच अडकून राहशील. बसलीस की अख्खा रस्ता गेला. दुसरा नियम, फाटक उघडलंस तर लावून घ्यायचं. एखाद्याची मेंढी बाहेर गेली तर त्याच्या नातवापर्यंत मत गेलं. इथे मेंढ्या नाहीत, घरांना फाटकंही नाहीत, तेव्हा इथे लॉन. गवतावर पाय ठेवायचा नाही, ड्राइव्हवेनंच, गाडीच्या वाटेनंच, जायचं आणि यायचं. आणि तिसरा नियम खास माझ्यासाठी. दारात चार वाक्यं, की चेंडू सोडायचा. म्हणजे प्रश्न विचारायचा आणि गप्प उभं राहायचं. मी म्हटलं, चार वाक्यांत काय सांगणार? तो म्हणाला, "चार पावलांत आमच्या पोरांनी सामने फिरवलेत. तू बोलतेस छान, पण चेंडू घेऊन पळत सुटतेस. पंच शिट्टी मारतो आणि तुला कळत नाही."

मला गोल हवे होते. मोठं भाषण, पेपरात फोटो, कौन्सिलमनशी जाहीर वाद. त्याचं एकच पालुपद, वरून मार, एकेक गुण घे. थेंबे थेंबे तळे साचे हे आपल्याला शाळेत भिंतीवर लिहून दिलेलं असतं. मला ते पन्नाशीला आयर्लंडच्या माणसाकडून पटलं.

तरी लॉनवर पाय पडलाच. एका घरून दुसऱ्या घरी जाताना मी सरळ गवतातून गेले आणि घरमालक बाहेर येऊन ओरडला. मीही ओरडले. गवतच आहे, काही गालिचा नाही. घरी येऊन मोठ्या अभिमानानं म्हाताऱ्याला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, उद्या परत जा. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी ड्राइव्हवेनं गेले, माफी मागितली, ती चारपैकी दोन वाक्यांत संपली. मग विचारलं, तुमचं काही काम अडलंय का? तो म्हणाला, कोपऱ्यावरचं गटार वर्षभर तुंबलंय, पाणी थेट गवतात येतं. मी वहीत लिहिलं, गावाच्या ऑफिसला फोन केला, रोज केला. आठव्या दिवशी त्यांनी गटार उपसलं, बहुधा माझा आवाज टाळायला. त्या माणसानं मला मत दिलं की नाही ते मला अजून माहीत नाही. त्याच्या शेजारणीनं मात्र दिलं, तिनं तसं सांगितलं.

आणि गणपतीची यादी मी फेकली नाही. मत नसलेली ती सगळी घरं मी पुन्हा गाठली, या वेळी दारातूनच. व्हिसावरची मुलं आधी घाबरली. त्यांचं खरं होतं, उगाच कागदाला डाग कशाला. मी वकिलाकडून लेखी आणलं की पगार न घेता पत्रकं वाटायला आणि बरोबर फिरायला काही हरकत नाही. मग मात्र ती जी उठली! कुणी मतदारांच्या यादीवरून रस्त्यांचे नकाशे केले, कुठल्या घरात कुत्रा आहे त्याच्या खुणांसकट. कुणी माझी पत्रकं तमिळ, गुजराती आणि स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून उतरवून घेतली. ज्येष्ठ मंडळी आमच्या घरी बसून पत्रकांच्या घड्या घालायची आणि आई खिडकीशी बसून त्यांच्यावर देखरेख करायची. कडेला कडा जुळली नाही की परत उलगडायला लावायची. पण ती मंडळी पाच वाजता चालायला निघाली की ही खुर्चीतून हात हलवायची. उठायची नाही.

मतदानाच्या मंगळवारी मी मागे होते, थोड्याच मतांनी. टपालानं आलेली मतं मोजायची बाकी होती. ती शुक्रवारी दुपारी संपली. मी ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर होते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा अहवाल वाचत होते, तेवढ्यात फोनवर निकाल आला. मी जिंकले होते. मी किंचाळले. माझ्या टीममधल्या मुलाला वाटलं, सर्व्हर पडला. मी कॅमेरा बंद करायचीही विसरले आणि खुर्चीवर चढून नाचले. ते सगळ्यांनी पाहिलं आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

तासाभरात घर भरलं. मत असलेले थोडे, मत नसलेले सगळे. आईनं शिरा केला. माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग पाट मागवून त्यावर चढून म्हाताऱ्याच्याही कपाळाला लावलं. तो खाली वाकला तरी हात पोचत नव्हता. तो रडला. म्हणाला, त्याच्या स्वतःच्या पहिल्या निकालाला त्याची आई नव्हती. जुना कौन्सिलमनही अभिनंदन करायला आला, चांगला माणूस, दोन वाट्या शिरा खाऊन गेला.

जानेवारीत मी शपथ घेतली आणि पहिल्याच सभेत फूटपाथ मांडला. तेव्हा कळलं की खर्च मंजूर करायच्या आधी गावाचा इंजिनिअर त्या रस्त्यावर पायी चालणारी माणसं मोजतो. मे महिन्यातला एक बुधवार ठरला, संध्याकाळी पाच ते सात. आकडा पुरेसा आला तर फूटपाथ, नाहीतर नाही.

म्हातारा खुशीत आला. त्याच्या काउंटीत असा मोजणीदार यायचा, तेव्हा नेमकी त्याच दिवशी शाळेची सहल, गुरांचा बाजार आणि एकदा तर एक अंत्ययात्रा त्या रस्त्यानं वळवली होती म्हणे. मी सांगितलं, असलं काही चालणार नाही, मी शपथ घेतली आहे. त्यानं हात वर केले. मग मी व्हॉट्सॲपवर एक रीतसर निवेदन टाकलं, इंग्रजीत, पेडेस्ट्रियन काउंट वगैरे. जे रोज चालतात त्यांनीच चालावं, उगाच फेऱ्या मारू नयेत. मला वाटलं, सगळं स्वच्छ सांगितलं.

बुधवारी पाच वाजता इंजिनिअर वळणावर घडीची खुर्ची टाकून बसला. हातात मोजायचं यंत्र, अंगठा दाबला की टक् वाजणारं. मी आणि म्हातारा समोरच्या बाजूला उभे. सव्वापाच झाले, कुणी नाही. साडेपाचला एक धावणारी मुलगी गेली. टक्. पावणेसहा झाले. इंजिनिअरनं जांभई दिली. रोज या वेळेला चाळीस माणसं असतात, आजच कुठे गेली?

मी अपार्टमेंटच्या फाटकाकडे पळत गेले. सगळे तिथेच होते. साड्या, सलवार कमीज, स्वेटर, पायांत स्नीकर, भिंतीला लागून नीट ओळीत उभे. मी विचारलं, अहो, निघत का नाही? सोलापूरचे एक काका, निवृत्त हेडमास्तर, समजुतीनं म्हणाले, "मोजणी चालू आहे ना. आम्हाला कुठे मत आहे इथे? उगाच मधे गेलो तर साहेबांचा हिशेब चुकायचा. संपली की निघतो."

माझ्या निवेदनातून त्यांनी एवढाच अर्थ घेतला होता, की मोजायची माणसं वेगळी असतात. इतक्या महिन्यांच्या घड्या घालून, माझ्या विजयाचा शिरा खाऊन, ती माणसं आपण मोजणीत धरले जात असू असं मानायला तयार नव्हती. मी घाईघाईनं सांगायला लागले की इथे मताचा संबंध नाही, जो चालतो तो मोजला जातो, प्रत्येक माणूस. ते ऐकत होते, माना डोलावत होते आणि पहिलं पाऊल कुणी टाकायचं म्हणून एकमेकांकडे बघत होते.

आमचं घर फाटकाच्या आत, अगदी समोर. दार वाजलं म्हणून मी वळले. आई पायरीवर उभी होती. स्नीकर घातले होते, एकाची नाडी सुटलेली. खिडकीतून तिनं सगळं पाहिलं असणार, ऐकलंही असणार, माझा आवाज तसा आहे. ती कुणाकडे न बघता रस्त्यापर्यंत आली आणि थांबली. एक ट्रक गेला. तिनं डोळे मिटून घेतले. मला धावत जाऊन तिला धरायचं होतं. पलीकडच्या कडेनं माझ्यामागे आलेला म्हातारा माझ्या आधी रस्ता ओलांडून आला, तिच्या आणि गाड्यांच्या मधे उभा राहिला आणि चालायला लागला. आई त्याच्या आतल्या बाजूनं निघाली. आधी गवत चाचपत, मग जरा बरं.

चर आला. ती थबकली, पदर खोचला आणि पुढे गेली. मी मागोमाग होते, ती इंजिनिअरच्या समोरून जाताना मी ते ऐकलं. टक्. माझ्या आईचा. मग टक्, म्हाताऱ्याचा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

मागे वळून पाहिलं तर हेडमास्तर काका निघाले होते. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी, मग नागपूरच्या काकू, मग सगळे. एकामागे एक, पाठ ताठ, शाळेच्या कवायतीला निघाल्यासारखे. टक् टक् टक्. इंजिनिअर खुर्चीतून उठून उभा राहिला, त्याला बसून जमेना. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या होत्या आणि एकानंही हॉर्न दिला नाही.

मी आईला लायब्ररीच्या कोपऱ्यावर गाठलं. ती कठड्यावर बसून दम खात होती, तोंड लाल, केस विस्कटलेले. तिनं पहिलं विचारलं, "मला धरलं का गं त्यानं?"

"धरलं. मी ऐकलं."

"आणि परत जाताना? तेव्हाही धरतात?"

मी म्हटलं हो, घरी जाणाराही धरतात, तो नियमच आहे. आईनं सुटलेली नाडी माझ्याकडून बांधून घेतली, पाय आपटून बघितला आणि उठली.

"मग इथे काय बसलोय," ती म्हणाली, आणि मी उठेपर्यंत सगळ्यांच्या पुढे निघून गेलीसुद्धा.